घराच्या माथ्यावरील वीजघर आणि बदलते नियम

पर्वतीच्या पायऱ्या चढून सायंकाळी शहरावर दृष्टी टाकली म्हणजे पुण्याचे रूप किती पालटले आहे, हे चटकन ध्यानात येते. एके काळी तेथून कौलारू वाडे, देवळांचे कळस आणि मधूनमधून झाडांचे हिरवे पुंजके दिसत. पुढे कौलांची जागा सिमेंटच्या गच्च्यांनी घेतली. गच्च्यांवर पाण्याच्या टाक्या आल्या, टाक्यांशेजारी पाणी तापविणारे सौर बंब आले. आणि अलीकडे काळसर निळ्या रंगाची तावदाने दक्षिणेकडे तोंड करून रांगेने मांडलेली दिसू लागली आहेत. सूर्यप्रकाशापासून वीज निर्माण करणारी सोलर पॅनेले ती हीच होत.

पुष्कळ गृहस्थांना हे साधन पंख्यासारखे किंवा फ्रीजसारखे घरातील आणखी एक उपकरण वाटते. दाम मोजावे, विक्रेत्याने माणसे पाठवून ते बसवून द्यावे आणि महिन्याच्या बिलाचा आकडा उतरला म्हणजे समाधान मानावे, एवढाच त्यांचा त्याच्याशी संबंध. मग अर्ज, तारांचा नकाशा, चाचणीचे दाखले, विशिष्ट जातीची केबल, विशिष्ट जागीच बसविलेला स्विच, असा एकेक आग्रह पुढे येऊ लागला, आणि शेजाऱ्याने काही वर्षांपूर्वी ज्या रीतीने काम करून घेतले ती रीत आज चालत नाही असे कळले, म्हणजे त्यांना वैताग येतो. नियम करणाऱ्यांना दुसरा उद्योग नाही काय, हा प्रश्न मग सहज तोंडी येतो.

या प्रश्नाला सरळ उत्तर आहे. पंखा वीज घेतो; पॅनेल वीज देते. या एका फरकाने घरातील तारकामामागची मूळ कल्पनाच उलटी झाली आहे. गेल्या पंधरा वर्षांत या बाबतीत जे नियम झाले आणि बदलले, त्यांतील बहुतेकांचे मर्म या उलटलेल्या कल्पनेत सापडते.

ती मूळ कल्पना कोणती, हे आधी पाहिले पाहिजे. सह्याद्रीच्या माथ्यावर अडविलेले पाणी खाली सोडून टाटांनी १९१५ साली खोपोली येथे वीजघर चालू केले आणि मुंबईच्या गिरण्यांना ती वीज मिळू लागली. दूर डोंगरात वीज निर्माण व्हावी, उंच मनोऱ्यांवरील तारांतून तिने शहरात यावे, रस्त्यावरच्या खांबावरून घरात शिरावे, आणि मीटर, फ्यूज व मुख्य स्विच ओलांडून दिव्यापर्यंत पोहोचावे, हा तिचा ठरलेला मार्ग. नदी डोंगराकडून समुद्राकडे वाहते, तशी वीज कारखान्याकडून घराकडे वाहणार, हे गृहीत धरूनच १९१० च्या भारतीय वीज कायद्याची आणि पुढे १९५६ च्या भारतीय वीज नियमांची घरापुरती मांडणी झाली होती. त्या मांडणीचे सार एका वाक्यात सांगता येईल : मुख्य स्विच बंद केला की त्याच्या पुढचे घर निर्जीव झाले. वायरमन पहिला धडा शिके तो हाच. आग विझविण्यास येणारा जवान पहिली चौकशी करी ती याचीच. घरातील वडीलधारी माणसेही मुलांना हेच सांगत आली.

गच्चीवर पॅनेले आली आणि हे वाक्य खोटे ठरले. आता घराला दोन बाजूंनी वीज मिळते. एक रस्त्याकडून, दुसरी आकाशाकडून. मुख्य स्विच बंद केल्याने रस्त्याकडची वीज थांबते. परंतु पॅनेलावर ऊन आहे तोवर तेथून खाली येणाऱ्या तारेत दाब राहतोच. सूर्याला बंद करणारी कळ अद्याप कोणी काढलेली नाही. जुन्या नियमांनी ज्याचा विचार करण्याचे कारण नव्हते, अशा अडचणी येथून सुरू होतात.

या अडचणींचा परामर्श घेण्यापूर्वी नियम कोण करते, हे जाणून घेणे अवश्य आहे. कारण या बाबतीत लोकांच्या मनात बराच गोंधळ असतो. येथे तीन हात काम करीत असतात. पहिला हात केंद्रीय विद्युत प्राधिकरणाचा. २००३ च्या वीज कायद्याने सुरक्षिततेचे विनियम करण्याचा अधिकार या संस्थेस दिला, आणि १९५६ च्या नियमांच्या जागी तिने २०१० मध्ये सुरक्षा विनियम आणले. त्यांचीही जागा २०२३ च्या नव्या विनियमांनी घेतली. छोट्या वीजनिर्मितीची साधने सार्वजनिक तारांशी कशी जोडावी, याविषयीचे विनियम याच प्राधिकरणाने २०१३ मध्ये केले व २०१९ मध्ये सुधारले. दुसरा हात भारतीय मानक ब्यूरोचा. घरातील तारकामाचे मानक आय. एस. ७३२ हे १९८९ नंतर २०१९ मध्ये, आणि अर्थिंगचे मानक आय. एस. ३०४३ हे १९८७ नंतर २०१८ मध्ये नव्याने लिहिले गेले. या मानकांचे सार देणारी राष्ट्रीय विद्युत संहिता प्रथम १९८५ मध्ये निघाली. २०११ च्या आवृत्तीत सौर विजेसाठी स्वतंत्र भाग घालण्यात आला, आणि २०२३ मध्ये ती पुन्हा सुधारली गेली. तिसरा हात महाराष्ट्र विद्युत नियामक आयोगाचा. घरातून बाहेर गेलेल्या विजेचा हिशेब कसा ठेवावा, नेट मीटर कोणाला व किती क्षमतेपर्यंत द्यावे, हे त्याने २०१५ च्या आणि पुढे २०१९ च्या विनियमांनी ठरविले. पुण्यात या सर्वांची प्रत्यक्ष अंमलबजावणी ग्राहकाच्या दारी होते ती महावितरणच्या मार्फत.

या तिघांचे शब्द सारख्या वजनाचे नाहीत. विनियम हा कायद्याचा भाग असल्यामुळे तो मोडणे हा अपराध होय. संहिता ही स्वतः कायदा नव्हे. ती जाणत्यांची शिकवण आहे. परंतु विनियम जेव्हा एखाद्या मानकाकडे बोट दाखवितो, तेव्हा त्या शिकवणीला कायद्याचे बळ येते. म्हणून संहिता बदलली की कारागिराच्या हातचे कामही काही काळाने बदलावे लागते.

आता पहिली अडचण पाहावी. ती माणसाच्या जिवाची आहे. समजा, वळवाच्या पावसात कोथरूडच्या एखाद्या गल्लीत झाडाची फांदी पडून तार तुटली. महावितरणचा लाइनमन येतो, रोहित्राकडील पुरवठा बंद करतो आणि तारेला हात घालतो. पूर्वी एवढी दक्षता पुरेशी होती. परंतु त्या गल्लीतील दहा घरांच्या गच्च्यांवर पॅनेले असतील आणि वारा-पाऊस थांबून ऊन पडले असेल, तर त्या घरांतून उलट दिशेने वीज रस्त्यावरच्या तारेत येऊ शकेल. सार्वजनिक पुरवठा थांबला असताना एखादा भाग स्थानिक विजेवर असा एकटाच जिवंत राहतो, तेव्हा त्याला विजेचे बेट म्हणतात. लाइनमनच्या दृष्टीने ते बेट प्राणघातक आहे.

यावर २०१३ च्या विनियमांनी घातलेला निर्बंध असा की, असे बेट निर्माण झाल्यास सौर यंत्रणेने दोन सेकंदांच्या आत वीज देणे थांबविले पाहिजे. बाहेरचा दाब नेहमीच्या ८० टक्क्यांखाली किंवा ११० टक्क्यांवर गेला, म्हणजे २३० व्होल्टांच्या घरगुती जोडणीत तो १८४ च्या खाली किंवा २५३ च्या वर गेला, तरीही तिने दोन सेकंदांत अलग व्हावे. आणि दाब व वारंवारता पूर्ववत होऊन किमान ६० सेकंद स्थिर राहिल्याशिवाय पुन्हा जोडून घेऊ नये. हे काम इन्व्हर्टर नावाची पेटी स्वतःच करते. तिच्यावर विसंबून न राहता आणखी एक हाताने चालविण्याचा स्विच असावा, तो उघडला आहे हे डोळ्यांना दिसावे, त्याला कुलूप घालता यावे आणि वीज कंपनीच्या माणसाला घरमालकाची परवानगी न मागता दिवसा-रात्री केव्हाही तेथे पोहोचता यावे, असेही त्यात सांगितले आहे. मीटरजवळच्या भिंतीवर स्विच बसविण्याचा आग्रह का धरतात, याचे उत्तर येथे मिळते. तो स्विच घरमालकाच्या सोयीसाठी नाही. खांबावर चढलेल्या माणसाच्या जिवासाठी आहे.

पुण्यातील अनेकांची एक तक्रार याच नियमातून उद्भवते. डोक्यावर रखरखीत ऊन असताना रस्त्यावरची वीज गेली की सौर पॅनेले असलेले घरही अंधारते, आणि मग एवढा खर्च कशासाठी केला, असे वाटू लागते. भारनियमनाच्या वर्षांत बॅटरीचा इन्व्हर्टर वापरलेल्या पिढीला तर हे अधिकच खटकते. परंतु ती यंत्रणा बिघडलेली नसते. ती नियम पाळीत असते. वीज गेल्यावरही काही दिवे चालू हवे असतील, तर बॅटरी जोडता येणारा वेगळ्या जातीचा इन्व्हर्टर आणि त्या दिव्यांसाठी रस्त्याच्या तारेपासून पूर्ण अलग होणारे स्वतंत्र तारकाम लागते. हे आरंभीच ठरविले तर थोड्या खर्चात होते; मागाहून भिंती उकराव्या लागतात.

दुसरी अडचण घरातल्या घरात आहे, आणि ती सहसा कोणाच्या लक्षात येत नाही. एका घराला रस्त्याकडून ४० अँपिअरची जोडणी आहे व आतील मुख्य तारही तेवढ्याच क्षमतेची आहे, असे मानू. त्या तारेवर रस्त्याकडच्या टोकाला ४० अँपिअरचा एम. सी. बी. आहे; भार वाढला की तो पडतो आणि तार वाचते. आता त्याच तारेत ३ किलोवॅटच्या सौर यंत्रणेने सुमारे १३ अँपिअर आणून सोडले. दुपारी दोन वातानुकूलन यंत्रे, गिझर आणि इस्त्री एकदम चालू होऊन ५० अँपिअरचा भार आला, तर रस्त्याकडून ३७ व गच्चीकडून १३ अँपिअर येतील. दोन्ही एम. सी. बी. आपापल्या मर्यादेत असल्यामुळे एकही पडणार नाही; परंतु ज्या तुकड्यात दोन्ही प्रवाह एकत्र होतात, तो तुकडा क्षमतेबाहेर तापत राहील. म्हणून सौर वीज घरात कोठे आणून जोडावी, हा कारागिराच्या सोयीचा प्रश्न नाही. ती जागा नकाशावर दाखवावी लागते आणि मुख्य पाटी दोन्ही प्रवाहांची बेरीज सोसणारी आहे की नाही, हे तपासावे लागते. सदाशिव किंवा नारायण पेठेतील जुन्या इमारतींत, जेथे पूर्वीचे तारकाम काही दिवे आणि एका रेडिओसाठी केलेले असते, तेथे सौर यंत्रणेपूर्वी तारकाम बदलण्याचा सल्ला मिळाला तर तो धंद्याचा डाव समजू नये.

तिसरी अडचण विजेच्या जातीची. रस्त्याकडून येणारी वीज प्रत्यावर्ती, म्हणजे ए. सी. असते, ती दर सेकंदास ५० आवर्तने करते आणि तेवढ्या अवधीत १०० वेळा शून्यावर येते. स्विच उघडताना दोन टोकांमध्ये ठिणगी उठली, तरी प्रवाह शून्यावर येताच ती विझण्याची संधी मिळते. पॅनेलाची वीज एकदिश, म्हणजे डी. सी. असते. ती शून्यावर येतच नाही; म्हणून एकदा पेटलेली ठिणगी ज्योतीसारखी जळत राहते आणि जवळचे प्लॅस्टिक, धूळ, लाकूड यांना आग लावू शकते. जो स्विच ए. सी. साठी उत्तम, तोच डी. सी. वर घातक ठरतो, आणि बाहेरून पाहता दोन्ही सारखेच दिसतात. स्वस्त कामात होणारी ही सर्वांत धोक्याची अदलाबदल होय.

यात आणखी एक विलक्षण गोष्ट आहे. रस्त्याकडील तारांत शॉर्टसर्किट झाले तर प्रवाह कित्येक पटींनी वाढतो आणि फ्यूज तत्काळ वितळतो. पॅनेलाचा शॉर्टसर्किट प्रवाह मात्र त्याच्या नेहमीच्या प्रवाहाहून किंचितच अधिक असतो. त्यामुळे दोष झाल्याचे साध्या फ्यूजला कळतच नाही. संरक्षण देणारे साधन येथे अपुरे पडते. दोष होऊच नये अशी योजना करावी लागते. म्हणून गच्चीवरील केबलसाठी वेगळे मानक, आय. एस. १७२९३, हे २०२० मध्ये काढण्यात आले. १५०० व्होल्टांपर्यंतच्या डी. सी. साठी, ऊन व पाऊस सोसणारी, दुहेरी आवरणाची अशी ही केबल असते. घरातील भिंतीत घालण्याची साधी वायर पुण्याच्या चैत्र-वैशाखाच्या उन्हात काही वर्षांत तडकते आणि पहिल्या पावसात तिच्यातून गळती सुरू होते. जोडांचेही तसेच. दोन निरनिराळ्या कारखान्यांचे नर-मादी जोड एकमेकांत बसले, तरी त्यांचा स्पर्श पुरता घट्ट असेलच असे नाही. ढिला जोड तापतो आणि तापलेला जोड पेटतो. पॅनेले, इन्व्हर्टर व बॅटऱ्या ठरलेल्या मानकांप्रमाणे तपासून नोंदविलेल्या असाव्यात, अशी सक्ती केंद्र सरकारच्या २०१७ च्या आदेशाने करण्यात आली, तीही याच भयास्तव.

डी. सी. च्या हिशेबात हवामानही शिरते. पॅनेल जितके थंड तितका त्याचा दाब अधिक. एका पॅनेलाचा मोकळा दाब २५ अंश सेल्सिअसला ४८ व्होल्ट आहे आणि इन्व्हर्टरची मर्यादा ६०० व्होल्ट आहे, असे धरू. बारा पॅनेले एकापुढे एक जोडली तर बेरीज ५७६ व्होल्ट होते आणि सारे ठीक दिसते. परंतु तापमान एक अंशाने उतरले की दाब साधारणपणे ०.२७ टक्क्याने वाढतो. पुण्यात जानेवारी १९३५ मध्ये पारा १.७ अंशापर्यंत उतरल्याची नोंद आहे. अशा पहाटे सूर्याचे पहिले किरण पडताच तीच बारा पॅनेले सुमारे ६१२ व्होल्ट देतील आणि इन्व्हर्टर जळेल. म्हणून तेथे अकराच पॅनेले जोडली पाहिजेत. थंडीच्या पहाटेचा हिशेब नकाशात मांडून दाखवा, असे ग्राहकाने म्हटले तर त्यात आगाऊपणा काही नाही.

चौथी बाब जमिनीची आणि आकाशाची. पॅनेलांच्या धातूच्या चौकटी, त्यांचा सांगाडा आणि इन्व्हर्टर यांचे अर्थिंग करणे अनिवार्य आहे. परंतु पुणे वसले आहे काळ्या पाषाणावर. पुष्कळ ठिकाणी दोन-चार हात खणले की मुरूम आणि त्याखाली कातळ लागतो, आणि कातळातून वीज जमिनीत सहज मुरत नाही. तेव्हा खड्डा खणला, सळई पुरली, एवढ्याने अर्थिंग झाले असे होत नाही. त्याचा रोध मोजून लिहून ठेवावा लागतो आणि उन्हाळ्यात जमीन कोरडी पडल्यावर पुन्हा मोजावा लागतो. घरगुती जोडणीत ३० मिलिअँपिअरची गळती होताच पुरवठा तोडणारे उपकरण बसवावे, अशीही अट आहे. मात्र त्या उपकरणाची जात इन्व्हर्टरशी जुळणारी असावी लागते, कारण गळतीत एकदिश प्रवाहाचा अंश असेल तर साध्या जातीचे उपकरण ती ओळखू शकत नाही. वळवाच्या विजांसाठी दाबाचा आकस्मिक लोंढा जमिनीकडे वळविणारे साधन लागते. वाऱ्याचेही गणित आहे : आय. एस. ८७५ या मानकाप्रमाणे पुण्यासाठी वाऱ्याचा मूळ वेग सेकंदाला ३९ मीटर, म्हणजे ताशी सुमारे १४० किलोमीटर धरावा लागतो. तो न धरता उभारलेला सांगाडा वादळात शेजारच्या गच्चीवर जाऊन पडतो.

नियम करणारेही माणसेच असल्यामुळे त्यांचे अनुमान कधी चुकते, आणि नियम बदलण्याचे तेही एक कारण असते. ऑस्ट्रेलियात २०१२ च्या मानकाने पॅनेलांच्या शेजारी छपरावरच डी. सी. स्विच बसविण्याची सक्ती केली. हेतू चांगला होता. परंतु ऊन आणि पाऊस यांत उघड्यावर राहिलेल्या स्विचांत पाणी शिरू लागले, आणि आग टाळण्यासाठी बसविलेले स्विचच आगीचे कारण होऊ लागले. शेवटी २०२१ च्या आवृत्तीत ती सक्ती काढून टाकण्यात आली. अमेरिकेत आग विझविणाऱ्या जवानांच्या सुरक्षिततेसाठी २०१४ च्या संहितेत पॅनेलांच्या तारांतील दाब झटपट उतरविण्याची अट आली, आणि २०१७ मध्ये ती अधिक कडक होऊन पॅनेलांच्या ओळींमधील दाबही ३० सेकंदांत ८० व्होल्टांपर्यंत उतरला पाहिजे, असे ठरले. एका देशाने स्विच काढला, दुसऱ्याने नवे साधन जोडले. आणि दोघांनीही अनुभवाच्या शाळेत शिकूनच ते केले.

आता पुणेकर गृहस्थाला प्रत्यक्ष काय बदलले, ते पाहणे इष्ट होईल. पहिला बदल क्षमतेचा. एका रोहित्रावर किती सौर वीज जोडू द्यावी, याची मर्यादा आयोगाच्या २०१५ च्या विनियमांत रोहित्राच्या क्षमतेच्या ४० टक्के होती. २०१९ मध्ये ती ७० टक्के झाली. मर्यादा असण्याचे कारण असे की, दुपारी साऱ्या गल्लीतून वीज बाहेर पडू लागली की तारेतील दाब चढतो, आणि तो २५३ व्होल्टांच्या वर गेला की इन्व्हर्टर आपोआप बंद पडू लागतात. एकाने आधी बसविले म्हणून दुसऱ्याला नकार, अशी कुरबुर यामुळे होत असे. २०२४ मध्ये ग्राहकहक्कांच्या केंद्रीय नियमांत दुरुस्ती होऊन १० किलोवॅटपर्यंतच्या अर्जास तांत्रिक पाहणीची अट राहिली नाही, आणि ५ किलोवॅटपर्यंत बाहेरील तारा व रोहित्र बळकट करण्याचा खर्च वितरण कंपनीने सोसावा, असे ठरले. त्याच वर्षी पंतप्रधान सूर्यघर योजना आली. तीत पहिल्या दोन किलोवॅटांना प्रत्येकी ३०,००० आणि तिसऱ्याला १८,००० रुपये, असे जास्तीत जास्त ७८,००० रुपयांचे साहाय्य घरगुती ग्राहकास ठरविण्यात आले.

येथे सावध राहण्याची वेळ येते. वाट सोपी झाली म्हणजे गर्दी होते, आणि गर्दीत घाईचे काम होते. बाहेरची तपासणी जसजशी कमी झाली, तसतशी आतील कामाची जबाबदारी घरमालक आणि त्याने नेमलेला परवानाधारक ठेकेदार यांच्यावर अधिक आली. अर्ज लवकर मंजूर झाला, याचा अर्थ काम निर्दोष झाले असा मुळीच नव्हे.

दुसरा प्रश्न जुन्या यंत्रणेचा. पूर्वीच्या नियमांप्रमाणे बसविलेली यंत्रणा नवा नियम होताच बेकायदा ठरत नाही. नेट मीटरचा करारही दीर्घ मुदतीचा असतो. परंतु तीत पॅनेले वाढविली, इन्व्हर्टर बदलला किंवा बॅटरी जोडली, म्हणजे ते नवे काम होते आणि त्याला आजचा नियम लागतो. जुन्या तारेला नवी पॅनेले जोडून घेणे म्हणजे जुन्या धोतराला नवा कपडा शिवण्यासारखे आहे. फाटते ते शिवणीलगतच.

गृहनिर्माण संस्थांत ही जबाबदारी आणखी नाजूक असते. गच्ची सर्वांची, तेथे उन्हाळ्यात पापड-कुरडया वाळत पडतात, संक्रांतीला मुले पतंग उडवितात, टाकी धुण्यास माणूस चढतो. खाली लोंबणारी एखादी सैल केबल त्यांपैकी कोणालाही भोवू शकते. म्हणून संस्थेच्या समितीने काही गोष्टी कागदावर मागून घ्याव्या : तारांचा पूर्ण नकाशा, केबल, स्विच व इन्व्हर्टर यांवरील मानकांच्या खुणांची नोंद, आवरणाच्या आणि अर्थिंगच्या चाचणीचे आकडे, ठेकेदाराच्या परवान्याचा क्रमांक, आणि वर्षातून एकदा, पावसाळ्यापूर्वी, जोड तपासून घट्ट करण्याचा करार. मुख्य स्विचजवळ मराठीत ठळक पाटी असावी की, या इमारतीस दुसरीकडूनही वीज मिळते व मुख्य स्विच बंद केला तरी गच्चीकडील तार जिवंत असते. आगीच्या वेळी धावत येणाऱ्या अनोळखी माणसाला एवढे एक वाक्य वाचता आले, तरी त्याचा जीव वाचेल.

तात्पर्य, शंभर वर्षे पुणेकर विजेचा केवळ ग्राहक होता. तारा, रोहित्रे, खांब आणि त्यांपासून होणारे अपघात ही दुसऱ्याची चिंता होती. त्याचे कर्तव्य बिल भरण्यापुरते होते. गच्चीवर पॅनेल चढविताच तो वीज उत्पादकांच्या पंक्तीत जाऊन बसतो. पंक्तीतला मान घेतला म्हणजे पंक्तीतले नियमही पाळावे लागतात. बदलत्या नियमांचा कंटाळा येणे स्वाभाविक आहे. परंतु त्यांतील बहुतेक ओळींमागे कोठे तरी तापलेली तार किंवा जळलेले छप्पर उभे आहे. ज्या घराने तो अनुभव स्वतः न घेता वाचून घेतला, त्याला बिलात वाचलेल्या रुपयांचा उपभोग निर्धास्तपणे घेता येईल.